तुमच्याकडे लाईट जात नाही ना?

यावेळी इंग्लंडातल्या स्विंडनहून नाही, घरातूनच लिहिते आहे. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातलं आमचं घर, पुढचा सोपा म्हणजे ओसरी, समोर कुळागर म्हणजे माडा-पोफळींची बाग, आणि लाईट नाही. मोबाईलमध्ये 31 टक्के बॅटरी उरली आहे, म्हणून आधी वहीत लिहिते आणि टाईप नंतर करीन.

मेअखेर म्हणजे आंबे, फणस आणि घाम, असं मनाशी धरून आले होते. पण यंदा, 2025 मध्ये, पाऊस 25 मेलाच गोव्यात येऊन बसला. त्यानंतर दोन-तीन दिवसांत एका रात्री वरच्या बाजूचा जुना फणस तारांवर आडवा झाला, खांब वाकला आणि सगळा वाडा काळोखात गेला. अर्ध्या तासात शेजारच्या काकी टॉर्च घेऊन आमच्या सोप्यावर आल्या. बसल्या बसल्या त्यांनी विचारलं, "तुमच्याकडे लाईट जात नाही ना गे बाय?"

मी "नाही हो काकी" म्हटलं. ते खोटं नव्हतं, पण ते पुरतं उत्तरही नव्हतं. आपल्याकडून पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडला निघालेल्या प्रत्येकाच्या घरी हा प्रश्न कुणीतरी विचारत असतं, म्हणून आज सविस्तर लिहिते.

स्विंडनच्या आमच्या घरात चार वर्षांत लाईट गेली ती दोनदा, तीही तासाभरासाठी. पण 2022 च्या डिसेंबरात आमच्या घरातली ऊब गेली, आणि त्यात झाडाचा काही दोष नव्हता.

आम्ही राहतो ते विटांचं, रांगेतलं, भाड्याचं जुनं घर. गॅसचं आणि विजेचं मीटर आधी पैसे भरायचं, मोबाईलला रिचार्ज मारतो तसं. विजेसाठी प्लास्टिकची किल्ली, गॅससाठी कार्ड. ती कोपऱ्यावरच्या दुकानात न्यायची, पैसे भरून आणायची आणि मीटरमध्ये घालायची. त्या वर्षी युक्रेनचं युद्ध सुरू झालं, युरोपात येणारा रशियाचा गॅस आटला आणि दर भडकले. तिकडे नियामक संस्था दरांवर कमाल मर्यादा घालते. त्या मर्यादेने साधारण घराचा गॅस-विजेचा वर्षाचा खर्च ऑक्टोबर 2021 मध्ये 1277 पौंड धरला होता. वर्षभराने तोच आकडा 3549 झाला. सरकारने मध्ये पडून तो 2500 वर रोखला आणि वर प्रत्येक घराला सहा महिन्यांत मिळून 400 पौंड दिले. आमच्यासारख्या प्रीपेडवाल्यांना त्याची व्हाउचरं पोस्टाने यायची. पोस्टमन आला की मी धावत दाराशी जायची.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात थंडीची लाट आली. एका रविवारी संध्याकाळी गॅसचं मीटर शून्यावर आलं. मीटर अडचणीला थोडी उधारी देतं, तीही वापरून झालेली. दुकान बंद. बॉयलर थांबला आणि रेडिएटर तासाभरात गार पडले. आम्ही चौघं एका खोलीत, स्वेटर-मोजे घालून, दोन रजया जोडून झोपलो. धाकट्याच्या तोंडातून वाफ येत होती आणि त्याला त्याची गंमत वाटत होती. बाहेर रस्त्यावरचे दिवे लख्ख, समोरच्या खिडकीत टीव्हीचा उजेड. कुणाचं दार वाजवून काय सांगणार? लाईट गेली की अख्खा वाडा बाहेर येतो, एकमेकांना हाका मारतो. मीटरमधले पैसे संपतात तेव्हा माणूस पडदे ओढून घेतो.

माझं काम म्हाताऱ्या माणसांच्या घरी जाऊन त्यांना उठवणं, न्हाऊ घालणं, औषध देणं. त्या हिवाळ्यात ऐंशी पार केलेल्या एका आजींकडे मी रोज सकाळी जायची. गेले की त्यांच्या खोलीत हीटर लावलेला असायचा, पण भिंतीला हात लावला तर भिंत बर्फासारखी. एकदा पाकीट विसरले म्हणून पाच मिनिटांत परत गेले, तर हीटर बंद आणि आजी कोट घालून खुर्चीत बसलेल्या. मी यायच्या वेळेला त्या हीटर लावत होत्या, पाहुणी येते म्हणून, आणि मी गेले की बंद करत होत्या. तिकडचं सरकारी आरोग्य खातं सांगतं की घरात निदान 18 अंश तरी हवेत. त्याखाली म्हाताऱ्या माणसांचा रक्तदाब चढतो, छातीचे विकार बळावतात. आजींच्या स्वयंपाकघरातला काटा 13 वर होता. हे मी ऑफिसला कळवलं, त्यांच्यासाठी मदतीचा अर्ज भरला, पुढे थोडी सोय झालीही. पण ती कोट घातलेली बाई माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. विलायतेबद्दल कुणी काही विचारलं की मला आधी त्याच आठवतात.

पुढे दर उतरले. तरी 2025 च्या मे महिन्यात विजेचं एक युनिट साधारण 27 पेन्स होतं, म्हणजे तेव्हाचे आपले 31 रुपये. गॅसचं युनिट 7 पेन्स होतं, म्हणून घर गॅसवर तापवायचं आणि विजेचा हीटर लावताना दहादा विचार करायचा. दोन किलोवॉटचा हीटर तासभर चालला की बासष्ट रुपये गेले. शिवाय काही न वापरताही दोन्ही मीटरांचा ठोक आकार तेव्हा दिवसाला 86 पेन्स होता, म्हणजे जवळजवळ शंभर रुपये.

आणि तिकडे लाईट जातच नाही असंही नाही. 2021 च्या नोव्हेंबरात आर्वेन नावाचं वादळ आलं तेव्हा उत्तर इंग्लंड आणि स्कॉटलंडमधली काही गावं आठवडाभराहून जास्त अंधारात होती. आमचा एक चुलतभाऊ लिस्बनला असतो. 2025 च्या 28 एप्रिलला सकाळी साडेअकराच्या सुमाराला पोर्तुगाल आणि स्पेनमधली वीज एकदम गेली, ती त्याच्याकडे रात्री उशिरा आली. सहाव्या मजल्यावर राहतो, लिफ्ट बंद, चूल विजेची. पाव आणि डब्यातले मासे खाऊन दिवस काढला म्हणाला. घरात मेणबत्तीसुद्धा नव्हती.

हे ऐकून आई म्हणाली, "मेणबत्ती नाही? मग ते घर कसलं?"

तिच्या घरात मेणबत्ती आहेच, कंदीलही आहे, काचा पुसून ठेवलेला. चूल आहे. सुकी मासळी, कोकम, पापड, मीठ, मिरच्या असं सगळं पुरुमेंत पावसाच्या आधी डब्यांत भरून झालंय. फ्रीजवर तिने कधीच भरवसा ठेवला नाही. त्यात होते तेवढे बांगडे पहिल्याच सकाळी तळून संपवले. पंप बंद, तर विहिरीवर दोर आणि कळशी. ओले कपडे चुलीच्या वर दोरीवर टाकते. स्विंडनला मीही पोरांचे युनिफॉर्म रेडिएटरवर वाळत घालते, फक्त तिकडे त्या ओलीने भिंतीवर काळी बुरशी धरते आणि घरमालक आम्हालाच बोल लावतो.

मला उगाच गोड लिहायचं नाही. लाईट नसलेले तीन दिवस म्हणजे तीन दिवस. इन्व्हर्टर पहिल्या रात्रीतच आटला. मोबाईलचा टॉवरही दुपारनंतर गेला, म्हणजे कुणाला बरं वाटेनासं झालं तर गाडी बोलवायचीही सोय नाही. 2021 च्या मे महिन्यात तौक्ते वादळ गेलं तेव्हाही असेच दिवस होते. मी तेव्हा इथेच होते, आणि बाबांच्या दम्याच्या मशीनला करंट नव्हता. जंगलातून उघड्या तारा जातात तिथे पावसाआधी फांद्या छाटणं आणि जमेल तिथे केबल जमिनीखालून नेणं, हे व्हायलाच हवं. भर पावसात खांबावर चढणाऱ्या लाईनमनांना मी परवा चहा दिला. त्यांचे हात थरथरत होते.

पण या तीन रात्रींत आम्ही घरात झोपू शकलो. चिऱ्यांच्या जाड भिंती, उंच आढं, मंगळुरी कौलं. कौलांच्या फटींतून गरम हवा वर निघून जाते, खालून सोप्यावरचा वारा आत येतो. पंखा नव्हता तरी गुदमरलो नाही.

हे मुद्दाम सांगते, कारण भाऊ हे घर पाडून स्लॅबचं बांधायचं म्हणतो. त्याच्या मित्राने बांधलंय. काचेच्या मोठ्या खिडक्या, तीन खोल्यांना एसी. मी गेल्या वेळी त्याच्याकडे मे महिन्यात राहिले होते. दिवसभर तापलेली स्लॅब रात्री दोन वाजेपर्यंत आत उष्णता सोडत होती. लाईट गेली तेव्हा सगळे चटया घेऊन बाहेर ओट्यावर. आता त्यांनी स्लॅबवर पत्र्याचं छप्पर घातलंय, गळतं म्हणून आणि तापतं म्हणूनही.

"कौलं दरवर्षी कोण परतणार? माकडं फोडतात ती कोण बदलणार?" भाऊ विचारतो. त्याचं खरं आहे. परतणारी माणसं मिळत नाहीत, आणि मी तर इथे नसतेच. वैनी त्याच्या बाजूने आहे. पावसात गळणाऱ्या ठिकाणी बालद्या तीच ठेवते.

काल कंदिलाच्या उजेडात आम्ही हिशोब मांडला. दीड टनाचा एसी कॉम्प्रेसर चालू असताना दीड किलोवॉटच्या आसपास खातो. आमचा जुना पंखा 75 वॉट, नवा, कमी वीज खाणारा बीएलडीसी पंखा 30 च्या आत-बाहेर. इन्व्हर्टरच्या 150 एएचच्या (अँपिअर-तासांच्या) एका बॅटरीत कागदावर 1800 वॉट-तास असतात. जुने चार पंखे आणि दिवे त्यावर पाच तास चालले तर नशीब, नवे लावले तर रात्र निघेल. एसी त्यावर चालायचाच नाही. म्हणजे स्लॅब घातली की लाईट गेलेल्या रात्री त्या घरात काय करायचं, याचं उत्तर डिझेलचा जनरेटर. पंख्यांचे आणि नव्या बॅटरीचे पैसे मी देते म्हटलं. कौलांखाली पन्हळी पत्रा घालून गळती थांबवता येते, तेही विचारून बघू म्हटलं.

भाऊ काही बोलला नाही. स्लॅबचं एस्टिमेट टेबलाच्या खणात आहे ते आहेच. पण आज सकाळी तो वाळपईला गेला तेव्हा नव्या पंख्यांची किंमत विचारून आला.