गवताखालचा किल्ला

रविवार, रात्री उशिरा

पाय भरून आलेत पण आत्ताच लिहून ठेवते, नाहीतर उद्यापासून ऑफिस सुरू आणि मग आजचं सगळं पुसट होत जाणार.

इंग्लंडमधल्या डॉर्चेस्टरजवळचा मेडन कॅसल बघून आले. कॅसल म्हटलं की डोळ्यासमोर बुरूज, दगडी तट, दरवाजा असं काहीतरी येतंच, इथे त्यातलं काहीच नाही. दगडी पाया दिसतो तो एका रोमन देवळाचा, आणि किल्ल्याच्या वयापुढे तो अगदी अलीकडचा, चौथ्या शतकातला. बाकी नुसतं गवत. एकामागे एक हिरवे बांध, मधे खोल खंदक, आणि उतारावर मेंढ्या. पहिली दहा मिनिटं मला कळेचना की नक्की बघायचं काय.

मग एका खंदकात उतरले. वर वारा असा होता की बोललेलं ऐकू येत नव्हतं, आणि खाली एकदम शांत. दोन्हीकडून उतार अंगावर आलेला, वर आभाळाची एक पट्टी. तिथे उभं राहून पहिल्यांदा छातीत धस्स झालं, कारण ही माती कोणीतरी हाताने खणून, टोपल्यांनी वर वाहून नेलीय. हत्यारं काय, तर हरणाच्या शिंगांच्या कुदळी आणि थोडंफार लोखंड. पहिला किल्ला साधारण इ.स.पू. ६०० चा, ६.४ हेक्टरचा, आणि दीडशे वर्षांनी वाढवून १९ हेक्टर केला, मग तटांच्या रांगांवर रांगा. पश्चिमेच्या दरवाजाची वाट तर इतकी वळणं घेते की आपला गोमुखी दरवाजाच आठवला, शत्रूला वळवत वळवत तटाखालून चालायला लावायचं. पूर्वेच्या बाजूला २० हजारांवर गोफणगुंडे सापडलेत, चेसिल बीच या समुद्रकिनाऱ्यावरून आणलेले गुळगुळीत गोटे.

आणि हे सगळं तेव्हा हिरवं नव्हतंच! खाली खडूचा दगड आहे, म्हणजे नवा खणलेला तट पांढराशुभ्र असणार, मैलोन्‌मैल दिसणारा. गवत, गोलाई, हा सगळा मऊपणा नंतरचा. थंडीत खडूत मुरलेलं पाणी गोठतं, दगड फुटतो, चुरा घरंगळत खंदकाच्या तळाशी जातो. १९६० मध्ये विल्टशायरमध्ये ओव्हरटन डाउनला संशोधकांनी मुद्दाम एक नवा बांध आणि खंदक केला, आणि २, ४, ८, १६, ३२ वर्षांनी तो कापून बघितला. पडझड सुरुवातीलाच भराभर होते आणि एकदा गवताने मूळ धरलं की झीज जवळजवळ थांबते, असं त्यातून दिसलं. म्हणजे ज्या गवतामुळे मला किल्ला दिसत नव्हता त्या गवतानेच तो धरून ठेवलाय. परत येताना बसमध्ये हाच विचार.

आपले पुरातत्त्वज्ञ हसमुख सांकलिया इथे शिकलेत हे आठवून फार भरून आलं. लंडनला पीएचडी करताना ते याच टेकडीवर ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलरच्या खोदकामात होते, नंतर पुण्याला डेक्कन कॉलेजात कितीतरी पिढ्या त्यांनी घडवल्या. व्हीलर स्वतः १९४४ मध्ये भारताच्या पुरातत्त्व खात्याचे महासंचालक झाले. इथलं काम १९३४ ते ३७ चाललं आणि त्यात त्यांची बायको टेसा व्हीलरचा वाटा फार मोठा होता, ती १९३६ मध्येच गेली. तिचं नाव लोक पटकन घेत नाहीत, म्हणून इथे मुद्दाम लिहितेय.

व्हीलरला पूर्वेच्या दरवाजाशी जखमांच्या खुणा असलेले सांगाडे मिळाले, त्यांनी गोष्ट मांडली की रोमन फौजेने इथे कत्तल केली. ती गोष्ट कितीतरी वर्षं खरी मानली गेली. आता रेडिओकार्बन चाचणीने, म्हणजे हाडांतल्या कार्बनवरून वय काढून, नव्या तारखा आल्यात आणि मृत्यू एका दिवसातले नाहीत, काही दशकांत पसरलेले आहेत, बरेचसे रोमन यायच्या आधीचे, बहुतेक आपापसातल्या मारामाऱ्यांतले. मला हे जास्त खरं वाटलं आणि जास्त वाईटही वाटलं. एवढा तट बाहेरच्यांसाठी बांधायचा आणि मरायचं शेजाऱ्याच्या हातून.

१९८५-८६ ला पुन्हा खोदकाम झालं त्यामागे एक कारण बघायला येणाऱ्यांमुळे होणारी झीज हेही होतं. थंडीने जे केलं नाही ते बुटांनी केलं. हे मला आधी माहीत होतं, तरी दुपारी जवळचा रस्ता म्हणून एका बांधावरून सरळ चढले, जिथे गवत जाऊन पांढरी रेघ पडलीय. अर्ध्यावर बुटाखालून खडूचा एक तुकडा सुटला आणि गडगडत खंदकात गेला. तशीच मागे वळले, खाली उतरले आणि आखलेल्या वाटेने लांबून गेले. बुटाला तो पांढरा चुरा अजून लागलाय, झटकला नाही.