सेकंडहँड पिक्सेलवर ग्राफीनओएस टाकलं, माझा अनुभव

ग्राफीनओएस म्हणजे अँड्रॉइडवरच बेतलेली, प्रायव्हसी जपणारी फोनची सिस्टीम. ती सध्या फक्त गूगलच्या पिक्सेल फोनवर चालते म्हणून एमजी रोडला सेकंडहँड पिक्सेल बघत फिरलो. तुम्ही घेणार असाल तर पैसे द्यायच्या आधी दुकानातच सेटिंग्जमधल्या बिल्ड नंबरवर ७ वेळा टॅप करा, डेव्हलपर ऑप्शन्स उघडा, फोनला नेट द्या आणि ओईएम अनलॉकिंग (दुसरी सिस्टीम टाकू देणारं बटण) चालू होतंय का बघा. अमेरिकेतल्या काही नेटवर्क कंपन्यांच्या पीसमध्ये ते बटण दाबताच येत नाही, मग डोकं आपटलं तरी बूटलोडर (फोन चालू होताना सिस्टीम सुरू करणारा प्रोग्राम) उघडत नाही. दुकानवाले दादा आधी वैतागले, पण दुसरा पीस काढून दिला.

इन्स्टॉल करणं खरंच अवघड नाही, लॅपटॉपवर क्रोमियम ब्राउझर, चांगली केबल आणि त्यांच्या साइटवरची बटणं ओळीने दाबायची. अनलॉक केलं की फोनमधलं सगळं पुसलं जातं. शेवटी बूटलोडर परत लॉक करायचाच, तिथे कंटाळा नको, कारण सिस्टीममध्ये कुणी ढवळाढवळ केली तर ती त्याच्यामुळेच पकडली जाते.

मराठी टायपिंगला गूगलचा जीबोर्ड कीबोर्डच ठेवलाय पण त्याची नेटवर्क परवानगी काढून टाकली. आईला, डॉक्टरांना, बँकेला आपण जे काय लिहितो ते सगळं कीबोर्डमधूनच जातं ना, मग त्याला नेट कशाला हवं?

आणि ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप केला ते म्हणजे कॉन्टॅक्ट स्कोप्स. ऍप कॉन्टॅक्ट्स मागतं, त्याला वाटतं परवानगी मिळाली, पण यादी रिकामी, मी निवडून दिलेली नावंच तेवढी दिसतात. सातपूरच्या आत्याने, दूधवाल्या काकांनी नंबर मला दिलाय, माझ्यावर विश्वास ठेवून, तो कुठल्यातरी कंपनीच्या सर्व्हरवर पाठवायचा हक्क मला कुणी दिला? २४ ऑगस्ट २०१७ ला सुप्रीम कोर्टाने प्रायव्हसी हा मूलभूत हक्क आहे असं सांगितलं, तो आत्याचाही आहे, आणि तिला विचारल्याशिवाय मी तो सोडून देऊ शकत नाही असं मला मनापासून वाटतं.

एका बँकेचं ऍप मात्र उघडतच नाही, त्यांचं काम ब्राउझरमधून करतोय. बाकीची बहुतेक ऍप्स सँडबॉक्समधल्या (म्हणजे खास अधिकार नसलेल्या, साध्या ऍपसारख्या) गूगल प्ले सर्व्हिसेसवर नीट चालतात. नकाशाला ऑरगॅनिक मॅप्स टाकलंय, सगळं ऑफलाइन, अंजनेरीला रेंज गेली तरी वाट दिसत होती. एक पायवाट नकाशात नव्हती, ती आता ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे हे ऍप लोकांनी मिळून बनवलेला जो नकाशा वापरतं त्यावर, टाकतोय.