सकाळीच हँग होणारा पीसी

त्या पीसीला माझ्याआधी तीन मेकॅनिकांचे हात लागून गेले होते. पहिल्याने विंडोज नव्याने टाकली, दुसऱ्याने रॅम बदलली, तिसऱ्याने एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा. तिघांच्याही दुकानात मशीन दिवसभर सुरळीत चाललं. निफाडला परत गेलं की दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा हँग.

मशीन एका ताईंचं. निफाडच्या बाजारात पत्र्याच्या गाळ्यात त्यांचं डीटीपी सेंटर आहे. लग्नपत्रिका, द्राक्षांच्या पेट्यांवरची लेबलं, ग्रामपंचायतीचे छापील नमुने, असं सगळं काम. त्यातलं सर्वांत घाईचं म्हणजे दशक्रियेची पत्रिका. रात्री कोणाच्या घरी माणूस गेलं की सकाळी सात वाजता भावकीतलं कोणीतरी कागदावर नावं लिहून दारात उभं राहतं. त्या वेळी पत्रिका अर्धी टाइप झालेली असताना स्क्रीन गोठली, तर समोरच्या माणसाला काय सांगायचं? ताई मला म्हणाल्या, "दादा, लग्नवाल्याला मी उद्या ये म्हणू शकते. ह्यांना कसं म्हणू?"

नवा पीसी घ्या म्हणणं सोपं होतं. पण त्यांचं सगळं काम पेजमेकर ७ या पानं जुळवायच्या जुन्या प्रोग्रॅममध्ये होतं आणि मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर डोंगलवर, म्हणजे मशीनला लावायच्या परवान्याच्या किल्लीवर, चालणारं होतं. डोंगल प्रिंटर पोर्टला, म्हणजे जुन्या पंचवीस पिनांच्या पॅरलल पोर्टला लागतो. आजच्या बहुतेक बोर्डांवर तो पोर्ट नसतो. यूएसबीचं कन्व्हर्टर लावून प्रिंटर चालतो, असला डोंगल सहसा चालत नाही. फॉन्टही युनिकोडपूर्वीचा, त्यामुळे ती फाइल दुसरीकडे उघडली की नुसती चिन्हं दिसतात. चौदा वर्षांचं काम त्या एका मशीनला बांधलेलं होतं. मशीन २००९ साली असेंबल केलेलं. जी३१ चिपसेटचा बोर्ड, कोअर टू ड्युओ ई७४०० प्रोसेसर, दोन जीबी डीडीआर२ रॅम, १६० जीबीची हार्ड डिस्क आणि विंडोज एक्सपी. एक्सपीचा सपोर्ट मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ ला बंद केला, पण ताईंनी त्या मशीनला इंटरनेट कधी जोडलंच नव्हतं, त्यामुळे ती चिंता नव्हती.

हँग म्हणजे नेमकं काय होतं, हे मी आधी विचारतो. माउस हलतो पण प्रोग्रॅम उत्तर देत नाही, ही एक गोष्ट. माउससकट सगळं थिजतं, ही दुसरी. कीबोर्डवरचं नम लॉक दाबून दिवा लागतो-विझतो का, हे पाहायचं. दिवा बदलत असेल तर आत विंडोज अजून जिवंत आहे आणि दोष बहुधा सॉफ्टवेअरचा किंवा डिस्कची वाट बघण्याचा असतो. दिवाही जागचा हलला नाही, तर संशय हार्डवेअरवर. ताईंकडे दिवा हलत नव्हता. निळी स्क्रीन नाही, एररचा आकडा नाही. विंडोजच्या नोंदवहीत, म्हणजे इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, फक्त ६००८ ची नोंद, म्हणजे मागच्या वेळी मशीन नीट बंद झालं नाही एवढंच. डिस्कच्या तक्रारीच्या ७ किंवा ११ क्रमांकाच्या नोंदी नव्हत्या. डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते, त्या स्मार्ट माहितीत बदललेले सेक्टर शून्य, वाट पाहणारे सेक्टर शून्य, केबलच्या चुका मोजणारा आकडाही शून्य. चौदा वर्षांच्या डिस्कची ही तब्येत पाहून मला खरंच आनंद झाला.

मशीन नाशिकला माझ्या दुकानात आणलं. रॅम तपासणारी मेमटेस्ट रात्रभर चालवली, एकही चूक नाही. प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट वाळून खडू झाली होती, ती बदलली. पण उष्णतेचा संशय मला मुळातच कमी होता. तापलेला इंटेल प्रोसेसर आधी स्वतःचा वेग कमी करतो आणि फारच तापला तर मशीन बंद पाडतो; तो असा थिजून सहसा बसत नाही. मग प्राइम९५ लावून दोन्ही कोअर तासन् तास पूर्ण भाराखाली ठेवले. काही नाही. एसएमपीएसची व्होल्टेज भाराखाली मोजली. १२ व्होल्टच्या वायरवर ११.४० ते १२.६० चालतं, इथे ११.९ होतं. ५ आणि ३.३ व्होल्टही ठीक. दोष दाखवायला मशीन तयारच नव्हतं.

आधीच्या तिघांचंही इथेच थांबलं असणार. दुकानात चालतं ना, मग तुमच्याकडचा करंट खराब. मीही निफाडला जाऊन वीज तपासली. न्यूट्रल आणि अर्थिंगमधला फरक दोन व्होल्टच्या आत होता, यूपीएसची बॅटरी नवी होती. त्या दिवशी चहा घेताना ताई सहज बोलून गेल्या, "मी सगळ्यांना सांगितलं, हे थंडीनं होतंय. दिवाळीच्या आत कधीच झालं नाही. उन्हं आली की आपोआप बरं होतं. सगळे हसले."

मी हसलो नाही. मी वही काढली आणि त्यांना एकेक विचारत गेलो. साधारण किती वाजता होतं? सातपासून नऊ-साडेनऊपर्यंत. दुपारी? कधीच नाही. ढगाळ दिवशी? थंडी कमी असेल तर नाही. कशावर होतं? "नुसतं चालू असताना नाही होत. पेजमेकर उघडला की, नाहीतर मोठा फोटो घेतला की." हे शेवटचं वाक्य ऐकून मी लिहायचा थांबलो. सतत भार असताना चालतं, नुसतं पडून असताना चालतं, पण शांत असताना एकदम काम पडलं की थिजतं, आणि तेही थंडीत. या दोन गोष्टी एकत्र आल्या की मला एकच जागा आठवते: प्रोसेसरच्या शेजारी उभी असलेली कपॅसिटरची रांग.

त्याचं कारण सांगतो. हा प्रोसेसर जेमतेम सव्वा व्होल्टवर चालतो, पण पूर्ण भारात ६५ वॅट खातो. म्हणजे पन्नास अँपियरच्या आसपास करंट. बोर्डावरचं व्हीआरएम सर्किट एसएमपीएसच्या १२ व्होल्टपासून ते व्होल्टेज तयार करतं. प्रोसेसर आराम करत असताना थोडा करंट लागतो आणि पेजमेकर उघडला की काही मायक्रोसेकंदांत त्याच्या कित्येक पट. व्हीआरएम तेवढ्या चपळाईने वाढवू शकत नाही, म्हणून मधला क्षण कपॅसिटर सांभाळतात. गावाच्या पाण्याच्या टाकीसारखं आहे ते. पंप सुरू होऊन पाणी चढेपर्यंत नळाला टाकीतलंच पाणी येतं. कपॅसिटरच्या आतला रोध, ज्याला ईएसआर म्हणतात, वाढला की हा साठा असून वेळेवर बाहेर येत नाही. व्होल्टेज क्षणभर खाली जातं आणि प्रोसेसर जागच्या जागी अडकतो. लॉग लिहायलासुद्धा तो शिल्लक राहत नाही. आणि थंडीत कपॅसिटरमधला द्रव, म्हणजे इलेक्ट्रोलाइट, आणखी मंद होतो. नव्या कपॅसिटरला निफाडच्या थंडीने काही होत नाही. सुकत आलेल्याचा ईएसआर मात्र थंडीत कित्येक पटींनी चढतो.

आता हे सिद्ध करायचं होतं, आणि तेही थंडी असतानाच. निफाडची थंडी महाराष्ट्राला माहीत आहे. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा दर हिवाळ्यात बातम्यांत येतो. जानेवारीतल्या एका पहाटे मी मोटारसायकलवर निघालो. रस्त्याच्या दोन्ही अंगांना बागांमध्ये शेकोट्या पेटवलेल्या होत्या. थंडीने द्राक्षमण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून शेतकरी रात्र-रात्र जागतात. ताईंना मी आदल्या संध्याकाळीच सांगून ठेवलं होतं की कॅबिनेटची बाजू उघडी ठेवा, आणि मी येईपर्यंत मशीनला हात लावू नका.

गाळ्यात पोचलो तेव्हा बोर्डाचं तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरने नऊ अंश दाखवत होतं. (कपॅसिटरच्या चकचकीत टोपीवर हा थर्मामीटर धरला तर खोटा आकडा देतो, त्यामुळे तो शेजारच्या बोर्डावर धरायचा.) मशीन चालू केलं, एक्सपी आली, जरा वेळ शांत ठेवलं आणि पेजमेकर उघडला. थिजलं. नम लॉक मेलेलं. ताई म्हणाल्या, "बघा!" त्या आवाजात राग नव्हता, सुटका होती.

पुढची घाई वेगळी होती. मशीन जितकं चालू राहील तितकं आतून गरम होणार, आणि एकदा पत्र्यावर ऊन पडलं की दोष दुसऱ्या सकाळपर्यंत दडून बसणार. म्हणून मी प्रत्येक चाचणी छोटी ठेवली आणि मध्ये मशीन बंद करून टेबल पंखा लावून बोर्ड पुन्हा थंड केला. आधी हार्ड डिस्क काढली आणि पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालू केलं. जड प्रोग्रॅम उघडताच थिजलं. म्हणजे विंडोज, पेजमेकर, व्हायरस आणि डिस्क, सगळे एका झटक्यात सुटले. मग माझा तपासलेला एसएमपीएस लावला. थिजलं. रॅमची एकेक पट्टी आळीपाळीने ठेवून पाहिली. दोन्हींवर थिजलं.

मग ताईंच्या मुलीचा हेअर ड्रायर मागितला. पुठ्ठा कापून त्याची भिंत केली, म्हणजे गरम हवा हवी तिथेच जाईल. ड्रायर बोर्डाला चिकटवायचा नाही, वीतभर लांबून आणि मंद हवेवर धरायचा. जवळून स्टॅटिकचा धोका असतो. आधी रॅम आणि नॉर्थ ब्रिज, म्हणजे प्रोसेसर आणि रॅमला जोडणारी चिप, कोमट केले, कपॅसिटर पुठ्ठ्याआड थंड ठेवले. चालू केलं, थिजलं. बोर्ड पुन्हा गार होऊ दिला. आता उलट केलं: बाकी सगळं थंड, फक्त प्रोसेसरशेजारची कपॅसिटरची रांग कोमट. मशीन चालू केलं, प्रोग्रॅम उघडला, बंद केला, पुन्हा उघडला, मोठा फोटो घेतला. चालत राहिलं. ताई माझ्या मागे उभ्या होत्या, त्यांची मुलगी दारात. कोणी बोलत नव्हतं, आणि मी उघड-बंद करतच राहिलो.

एवढ्याने माझं समाधान झालं नसतं, कारण तोवर मशीन आपसूकच थोडं गरम झालं होतं. टीव्ही दुरुस्तीवाले वापरतात तो फ्रीझ स्प्रे मी सोबत नेला होता. चालू मशीनमध्ये त्या रांगेवर अगदी छोटा फवारा मारला, बोर्डावर दव धरू नये इतपतच, आणि मुलीला म्हटलं, आता उघड. तिने क्लिक केलं आणि स्क्रीन तिथेच थिजली. गरम केल्यावर बरं होतं आणि गार केल्यावर बिघडतं, तेही एकाच जागी. यापेक्षा स्पष्ट पुरावा या धंद्यात क्वचित मिळतो.

बोर्ड नाशिकला आणला. व्हीआरएमच्या बाहेरच्या बाजूला सहा कपॅसिटर होते. वरून पाहिलं तर एकाचंच डोकं किंचित फुगलेलं, बाकी पाच अगदी सपाट. फुगलेला नाही म्हणजे चांगला, हा समज मी फार ठिकाणी पाहिला आहे. १९९९ ते २००७ च्या सुमारास सदोष इलेक्ट्रोलाइटचे कपॅसिटर जगभरातल्या बोर्डांवर फुटले, तेव्हापासून लोक फुगवटाच शोधतात. हे कपॅसिटर सदोष नव्हते, म्हातारे झाले होते. १०५ अंशांना २००० तास अशी त्यांची हमी असते आणि तापमान दर दहा अंशांनी उतरलं की आयुष्य साधारण दुप्पट होतं. ६५ अंशांना ते ३२००० तास भरतं. रोज आठ तास, वर्षाचे तीनशे दिवस धरले तर तेरा-चौदा वर्षं. ताईंच्या मशीनचं वय तेच होतं.

सहाही समांतर जोडलेले असल्यामुळे बोर्डावर ठेवून ईएसआर मोजण्यात अर्थ नव्हता. एक जरी बरा असला तरी बाकीच्यांचा दोष झाकतो. काढणं मात्र कष्टाचं. ऋण टोक ग्राउंडच्या तांब्याच्या मोठ्या थराला जोडलेलं असतं आणि तो थर सोल्डरिंगच्या इस्त्रीची सगळी उष्णता पिऊन टाकतो. पंचवीस वॅटची इस्त्री तिथे नुसतीच घासत बसते. साठ वॅटची घ्यायची, बोर्ड खालून आधी कोमट करायचा, नवं सोल्डर थोडं घालून जुनं ओघळतं करायचं आणि कपॅसिटर डोलवत हळूच ओढायचा. जोर केला की आतलं भोक सोलून निघतं आणि बोर्ड संपतो.

मोजणीत एकाचा ईएसआर एक ओमच्या वर निघाला, तिघांचा ०.३ च्या आसपास. नवा त्याच मापाचा ०.०३ च्या आत असतो. मग जुने सहाही एका डबीत घालून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवले आणि सकाळी काढल्या-काढल्या मोजले. सगळ्यांचे आकडे चढले होते; बरे वाटलेले दोघेही त्यात आले. नव्याचा आकडा फ्रिजमधून काढल्यावरही जवळपास तोच. ताईंना दाखवायला मी दोन्ही वेळचे आकडे कागदावर लिहून नेले.

नवे कपॅसिटर मी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या ओळखीच्या दुकानातून आणून ठेवलेले असतात, जपानी, लो ईएसआर, १०५ अंशांचे. साधा कपॅसिटर त्याच व्होल्टचा आणि त्याच मायक्रोफॅरडचा मिळतो, स्वस्तही मिळतो, पण व्हीआरएमवर तो चालत नाही. तिथे ईएसआर हाच मुख्य गुण आहे. सहाही एकदम बदलले. एसएमपीएसकडून येणाऱ्या १२ व्होल्टच्या बाजूचे दोनही बदलले, कारण वय तेच होतं.

बोर्ड बसवायला पुन्हा भल्या पहाटे गेलो. रात्रभर कॅबिनेट उघडंच होतं, गाळ्यात श्वासाची वाफ दिसत होती. पेजमेकर उघडला, मोठे फोटो घेतले, फ्रीझ स्प्रे मारला. चाललं. साडेसातला दारात एक काका कागद घेऊन आले. ताईंनी तो हातात घेतला आणि टाइप करायला बसल्या. मी बाजूला सरकून स्क्रू आवळत राहिलो. पत्रिका तासाभरात छापून गेली.

डिस्कची पूर्ण प्रत काढून मी त्यांना दुसऱ्या डिस्कवर दिली आहे. आता त्यांची मुलगी जुन्या फायली थोड्या थोड्या करून युनिकोडमध्ये आणते आहे, आधी ग्रामपंचायतीचे नमुने, मग लेबलं. दोन-तीन वर्षांचं काम आहे. तोवर हा बोर्ड चालायला हवा, आणि चालेल असं मी त्यांना लिहून दिलं आहे.