शिकागोतील घरभाड्याचे व्हाउचर आणि निर्धास्त शेजार

शिकागोच्या दक्षिण भागात, डॅन रायन महामार्गालगत, रॉबर्ट टेलर होम्स या सरकारी वसाहतीच्या 16 मजली 28 इमारती उभ्या होत्या. त्यांतली शेवटची 2007 मध्ये पाडली गेली. त्यांचे बाहेरच्या बाजूचे लांबलचक सज्जे लोखंडी जाळीने बंद केलेले होते आणि लिफ्ट वारंवार बंद पडत असल्याने लेकरांना घेऊन जिन्यानेच ये-जा करावी लागे.

अशा वसाहतींतून बाहेर पडण्याचा एक मार्ग म्हणजे घरभाड्याचे व्हाउचर. कुटुंबाने साधारणपणे उत्पन्नाच्या 30 टक्के रक्कम भरायची आणि ठरलेल्या मर्यादेपर्यंतचे उरलेले भाडे सरकारी निधीतून थेट घरमालकाला मिळते. 1994 पासून शिकागोसह पाच शहरांतील सुमारे 4,600 कुटुंबांमध्ये सोडत काढून एक प्रयोग झाला. त्यात काहींना व्हाउचर देताना, गरिबीचे प्रमाण 10 टक्क्यांहून कमी असलेल्या वस्तीतच घर घ्यावे, अशी अट होती. घर का सोडायचे, या प्रश्नावर सुमारे तीन चतुर्थांश कुटुंबांनी पहिले किंवा दुसरे कारण सांगितले ते टोळ्या आणि अमली पदार्थांपासून सुटका हे.

पुढे मोठ्यांची कमाई वाढली नाही, म्हणून अनेकांनी प्रयोग फसल्याचे म्हटले. मला हा निवाडा अन्यायाचा वाटतो, कारण त्या कुटुंबांतील आयांनी मुख्यतः जे मागितले होते ते त्यांना मिळाले होते: नव्या वस्तीत त्यांना अधिक सुरक्षित वाटू लागले, मनावरचा ताण हलका झाला, तीव्र स्थूलता आणि मधुमेहाचे प्रमाणही घटले. तेरा वर्षांच्या आत तिथे गेलेली मुले विशीत पोहोचल्यावर सुमारे 31 टक्के अधिक कमवत असल्याचे 2015 मध्ये दिसून आले. किशोरवयीन मुलग्यांना मात्र असा लाभ झाला नाही, आणि वाढत्या वयात ओळखीचा शेजार सुटणे किती जड जाते, याचा विचार धोरणात व्हायलाच हवा.

शिवाय अट असलेले व्हाउचर मिळालेल्यांपैकी निम्म्याहून कमी कुटुंबांनाच ते वापरता आले. मुदतीत घर शोधायचे, त्यात व्हाउचर पाहून नकार देणारे घरमालक. असा नकार देण्यास, शिकागो ज्यात येते त्या इलिनॉय राज्याने 2023 पासून कायद्याने बंदी घातली आहे.

मुंबईत तानसा जलवाहिनीलगतची घरे पाडून लोकांना माहुलच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांशेजारी पाठवले गेले, तेव्हा वस्ती निवडण्याची मुभा त्यांना नव्हती. मुंबई उच्च न्यायालयाने 2019 मध्ये दरमहा 15,000 रुपये भाडे आणि 45,000 रुपये अनामत देण्याचा आदेश दिला, तो त्यांना दुसरीकडे घर शोधता यावे म्हणूनच.