च-ची भाषा

रेवदंड्याचा किल्ला बघायला मुद्दाम कुठे चढावं लागत नाही. एसटी तटातूनच आत शिरते आणि घरं, नारळी-पोफळीच्या वाड्या सगळं तटाच्या पोटातच असतं. सातखणी मनोऱ्याखाली उभी राहून मी मजले मोजले. चारच भरले. पुन्हा मोजले, तरी चारच. (मला मोजायची खोड आहे, जिन्याच्या पायऱ्याही सुटत नाहीत.) पंधराव्या शतकात आलेल्या निकितिन नावाच्या रशियन व्यापाऱ्याचं स्मारकही पाहिलं. बिचारा घोडा विकायला घेऊन आला होता, तर जुन्नरच्या खानाने घोडाच काढून घेतला. परत मिळाला म्हणा, पण मनस्ताप तो मनस्तापच.

दुपारी कुंडलिकेवरचा पूल ओलांडून कोर्लईला गेले. डोंगरावरचा किल्ला मगरीसारखा पाण्यात तोंड घालून पडलेला. 'उन्हं उतरली की चढू' असं त्याला मनातल्या मनात सांगून टाकलं. किनाऱ्याला बोंबील वाळत होते. दोन-दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून जोडी दोरीवर टाकलेली, एक अलीकडे, एक पलीकडे. बांधायला सुतळी नाही, गाठ नाही, त्यांच्याच दातांवर सगळा भरवसा. वाऱ्याने सगळी रांग एकदम हलायची. पन्नास जोड्यांपर्यंत मोजलं आणि मग वासाने हिशोब चुकला.

गावातल्या एका गल्लीत सावलीला टेकले. समोरच्या ओटीवर एक आजी मांडीत परात घेऊन वालाच्या शेंगा सोलत होत्या आणि पलीकडच्या दारातल्या बाईशी बोलत होत्या. मला वाटलं, भांडण पेटतंय. तेवढ्यात दोघी खदाखदा हसल्या. हेल आपल्या ओळखीचा, हातवारे ओळखीचे, आणि शब्द मात्र एकही हाताला लागेना.

ही क्रिस्ती. बोलणारे तिला 'नॉ लिंग्' म्हणतात, म्हणजे 'आपली भाषा'. (मराठी कान जरा दचकतो, त्याला इलाज नाही.) 1740 साली चौल-रेवदंडा आणि कोर्लई मराठ्यांकडे आले, पोर्तुगीज निघून गेले, आणि त्यांची मोडकीतोडकी, मराठीत मुरलेली भाषा या गावातल्या ख्रिस्ती घरांत राहून गेली. आज बोलणारे जेमतेम हजारभर. अर्थात आपण तरी कुठे कोरडे राहिलो? चावी, पगार, घमेलं, बटाटा, सगळं त्यांच्याचकडून आलेलं. पण आपण नुसते शब्द उचलले. यांनी घर चालवलं.

कळत नसलेलं बोलणं ऐकत बसायची मला लहानपणापासून सवय. आजोळी दोन्ही मावश्या आमच्यासमोर च-च्या भाषेत बोलायच्या. "चडूला चठेकु चवलेठे?" काय तो रुबाब! अख्ख्या मे महिन्यात मी ती मान खाली घालून, गोट्या खेळल्यासारखं करत, ऐकली. आणि एका दुपारी कुलूप उघडल्यासारखी ती एकदम उघडली. शहाण्या माणसाने गप्प बसून लाडू खाल्ले असते. मी काय केलं? धाकट्या मावशीने तोच प्रश्न विचारला आणि थोरलीच्या आधी मीच ओरडले, "चडताळातफ!" फडताळातले लाडू त्याच संध्याकाळी हलले. आणि पुन्हा कधी मावश्या माझ्यासमोर त्या भाषेत बोलल्या नाहीत. लाडवांचं जाऊ दे, पण ते बोलणं बंद झालं याचं मला अजून वाईट वाटतं.

"आजी, तुमच्या भाषेत काहीतरी बोला ना," मी म्हटलं. आजींनी माझ्याकडे पाहिलं, समोरच्या बाईकडे पाहिलं आणि एक लांबलचक वाक्य फेकलं. दोघी इतक्या हसल्या की परातीतले वाल सांडले. अर्थ मी विचारला नाही. वाल मात्र वेचून दिले.

किल्ला राहिलाच. परतीच्या एसटीत माझ्या पिशवीच्या वासाने शेजारची सीट आपोआप रिकामी झाली. रात्री धाकट्या मावशीला फोन केला. आता तिला ऐकू कमी येतं, म्हणून मोठ्याने म्हटलं, "चवशीमा, चबीलबों चणलेआ."

पलीकडे बराच वेळ शांतता. मग आवाज आला, "चतीकि?"