चेरीची साखर गेली कुठे?

शनिवार, रात्री

फ्रूट बियर म्हटलं की आमच्या कंपूत एक ठरलेला विनोद होतो. ‘ती बायकांना द्या.’ मग कोणीतरी आयपीए नावाच्या कडवट बियरचा कॅन फोडतो आणि कडूपणाची थोरवी सांगत बसतो. बरीच वर्षं ऐकून घेतलं. आज न्यू ग्लॅरसला जाऊन आलो. पुढच्या पॉटलक जेवणाला कोणी तो विनोद केलाच तर माझ्याकडे उत्तर आहे, तेही सासऱ्यांच्या हिशेबासकट.

न्यू ग्लॅरस हे विस्कॉन्सिनमधलं, मॅडिसनच्या दक्षिणेला असलेलं छोटंसं गाव. १८४५ मध्ये स्वित्झर्लंडच्या ग्लॅरुस भागातून आलेल्या लोकांनी वसवलेलं. लाकडी सज्जे, खिडक्यांत फुलं, दुकानादुकानांत चीज. आम्ही शिकागोच्या बाजूला राहतो, तिथून अडीच तास लागतात. बियरसाठी एवढं लांब जायचं कारण म्हणजे ही ब्रूअरी राज्याबाहेर मालच विकत नाही. पूर्वी आमच्या इलिनॉयमध्येही मिळायची म्हणे. मागणी पुरी होईना, तेव्हा यांनी सगळीकडे पसरण्याऐवजी विस्कॉन्सिनपुरतं राहायचं ठरवलं. मिनेसोटातल्या एका बारने यांची ‘स्पॉटेड काउ’ बियर गुपचूप आणून विकली, तर चक्क गुन्हा दाखल झाला होता. त्यामुळे शेजारच्या राज्यातले लोक शनिवार-रविवारी हायवे धरतात. पार्किंगमध्ये निम्म्या गाड्या इलिनॉयच्या नंबराच्या वाटल्या मला.

ब्रूअरी १९९३ ची. डेबोरा केरी या बाईंनी सुरू केली. नवरा डॅन बियर गाळण्यात मुरलेला, पण भांडवल बाईंनी उभं केलं, नवऱ्याला भेट म्हणून! हे वाचून आमच्या नवऱ्याने माझ्याकडे मोठ्या आशेने पाहिलं. मी चीजच्या पाट्या वाचत राहिले.

बाबा, म्हणजे माझे सासरे, सध्या आमच्याकडे आहेत. आयुष्यभर सांगलीकडच्या साखर कारखान्यात केमिस्ट. कारखान्याला जोडून डिस्टिलरी होती, त्यामुळे मळी, यीस्ट, फर्मेंटेशन हे शब्द ते लोक भाजीपाल्याबद्दल बोलतात तितक्या सहज बोलतात. टेकडीवरच्या ब्रूअरीत मोकळं फिरून बघता येतं. सगळे तांब्याच्या मोठ्या भांड्यांसमोर उभे राहून फोटो काढत होते. बाबा मात्र पाइपांच्या जोडांकडे आणि जमिनीच्या उताराकडे बघत होते. ‘धुवायला पाणी किती लागत असेल गं?’ हा त्यांचा पहिला प्रश्न. दुसरा, ‘हे उरलेलं चोथापाणी जातं कुठे?’ नवरा म्हणाला, ‘बाबा, सुट्टीवर आहात तुम्ही.’

बाटल्या पुष्कळ घेतल्या. किती, ते लिहीत नाही.

रविवार

दुपारी ‘विस्कॉन्सिन बेल्जियन रेड’ उघडली. मी वाइनचे ग्लास काढले. बाबांना त्यांचा चहाचा काचेचा ग्लास हवा होता, तोच दिला.

रंग गडद लाल, उजेडात धरला की कडेला माणकासारखा. फेसही गुलाबी. वास घेतल्याबरोबर बाबा म्हणाले, ‘हे तर खोकल्याचं औषध.’ आणि खरं सांगायचं तर पहिल्या क्षणी मलाही तसंच वाटलं होतं, कारण चेरीचा खोटा वास आपल्याला तिथूनच माहीत असतो. मात्र घोट घेतला आणि ते चित्र पुसलं गेलं. आधी गोड, लगेच आंबट, आणि गिळल्यावर मागे बदामासारखं काहीतरी रेंगाळतं. ते चेरीच्या बीमुळे. आख्खी फळं बियांसकट मुरवली की बीमधून बदामाच्या वासाचं एक रसायन उतरतं. बाबांनी नावही सांगितलं, बेन्झाल्डिहाइड. केकच्या इसेन्समध्ये असतं तेच.

ही चेरी म्हणजे माँटमोरेन्सी. आंबट जात, साल लालभडक, आतला गर पिवळट. विस्कॉन्सिनच्या नकाशावर मिशिगन तळ्यात अंगठ्यासारखी निघालेली जमीन दिसते, ती डोअर काउंटी, तिथे हिच्या बागा आहेत. दोन्ही बाजूंनी पाणी असल्याने थंडी-उन्हाचा मार तिथे जरा सौम्य लागतो. नुसती तोंडात टाकली तर डोळे मिटतात, म्हणून ती बहुतेक पायमध्ये आणि मुरंब्यात जाते. (आपल्याकडे केकवर जी लाल ‘चेरी’ बसते ती बऱ्याचदा पाकात मुरवून रंगवलेलं करवंद असतं. हे कळलं तेव्हा माझ्या लहानपणीच्या सगळ्या वाढदिवसांचा पाया हलला होता.)

लेबलवर लिहिलंय, एका बाटलीत पाऊंडाहून जास्त चेरी. बाबांनी चष्मा लावला, वर्तमानपत्राची कोरी कड ओढली आणि पेन मागितलं.

‘पाऊंड म्हणजे साडेचारशे ग्रॅम. बाटली पाऊण लिटरची. म्हणजे लिटरला सहाशे ग्रॅम फळ झालं. बिया वजा कर. आंबट चेरीचा रस तेरा-चौदा ब्रिक्सचा, म्हणजे शेकडा तेवढ्या साखरेचा धर. सत्तर-पंच्याहत्तर ग्रॅम साखर आली का?’

‘आली.’

‘यीस्टने ती सगळी खाल्ली तर निम्म्याचं अल्कोहोल, निम्मी गॅस होऊन हवेत. नुसत्या चेरीचंच साडेचार टक्क्यांच्या वर जातंय. आणि हे बाटलीवर काय लिहिलंय? ४ टक्के. त्यात गहू आहे, बार्ली आहे, त्यांची साखर वेगळीच. मग उरलेली गेली कुठे?’

मी म्हटलं, ‘तुमच्या जिभेवर.’

बाबा हसले. मग दुसरा घोट घेऊन मान डोलावली. साखर उरवलेली आहे. यीस्टला पोटभर जेवू दिलेलं नाही. थांबवायचे मार्ग त्यांना पाठ होते: गारठवायचं, गाळायचं, नाहीतर तापवायचं. ‘नाहीतर यीस्टच्या गॅसने काल येताना डिकीत बाटल्यांचे फटाके वाजले असते,’ म्हणाले.

मला या हिशेबात वेगळंच दिसलं. बियरच्या दुकानात मिळणारे बरेचसे फ्रूट व्हीट म्हणजे साधी गव्हाची बियर तयार करून शेवटी तिच्यात अर्क किंवा सिरप ओतलेलं असतं. फळ वरून येतं, तरंगत राहतं आणि निघून जातं. इथे फळ यीस्टच्या तोंडी दिलेलं आहे. फळातला सोपा भाग, म्हणजे गोडवा, बराचसा खर्ची पडतो. उरतं ते आम्ल, सालीचा तुरटपणा आणि बीचा वास. गहू मधे मधे करत नाही. त्यातल्या प्रथिनांनी फेस टिकतो, तोंडात थोडा भरीवपणा येतो, बस्स. बियरला कडूपणा देणारे फुलांचे तुरे, म्हणजे हॉप्ससुद्धा, ताजे नाहीत, वर्षभर मुद्दाम जुने केलेले. जुने झाले की कडूपणा उतरतो पण नासवणाऱ्या जंतूंना अडवायचा गुण बराचसा राहतो. ब्रुसेल्सच्या आसपासचे लँबिकवाले, म्हणजे हवेतल्या यीस्टवर आंबट बियर करणारे, पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आले आहेत. त्यांची चेरीची बियर, क्रीक, या सगळ्याची आजी. मग ओकच्या टाक्यांत मुरवायचं. आणि एवढा खटाटोप केलेल्या गोष्टीला आमचे आयपीएवीर ‘सरबत’ म्हणणार.

एक तक्रार आहेच. गोड आहे ती. माझ्या चवीला थोडी जास्तच. छोटा ग्लास अप्रतिम, दुसरा ग्लास जड. अख्खी बाटली एकट्याने संपवायची ही गोष्टच नव्हे. नवऱ्याने व्हॅनिला आइस्क्रीमवर ओतून खाल्ली. मी काही बोलले नाही, कारण चांगलं लागत होतं.

सोमवार

दोन ओळी. ऑफिस, डोकं दुखतंय, बियरचा संबंध नाही. बाबांनी दिवसभरात उरलेल्या बाटल्यांची लेबलं वाचून काढली आणि संध्याकाळी मला प्रश्न विचारले.

मंगळवार

जेवणाआधी ‘रास्पबेरी टार्ट’. याची रास्पबेरी ओरेगनची, स्थानिक नाही, आणि ते लेबलवर मोकळेपणाने लिहिलंय. आंबवणही उत्स्फूर्त, म्हणजे लाकडी टाक्यांतल्या, हवेतल्या यीस्टवर सोडलेलं. बाबांना हे पटेना. कारखान्यात बाहेरचं यीस्ट शिरलं की बॅच बिघडायची आणि मिटिंगा व्हायच्या. ‘ज्याला आम्ही इन्फेक्शन म्हणायचो ते हे लोक विकतात?’ मी म्हटलं, दह्याचं काय वेगळं आहे? त्यावर ते जरा वेळ गप्प, आणि मग, ‘दह्याला विरजण आपण लावतो.’ मुद्दा त्यांचा बरोबर होता.

वास मात्र जबरदस्त. ग्लास टेबलावर ठेवला तरी वरण-भाताच्या वाफेतून रास्पबेरी येत होती. बेल्जियन रेडपेक्षा हलकी, आंबटपणा आधी आणि जास्त. माझी आवडती हीच. बाबांची नाही, त्यांच्या मते ही ‘एकसुरी’ आहे, चेरीला खोली आहे. नवरा तटस्थ, म्हणजे जी समोर असेल ती.

त्यानंतर ‘सेरेनडिपिटी’. हिची जन्मकथाच मला बियरपेक्षा आवडते. २०१२ च्या मार्चमध्ये इकडे भलताच उन्हाळा पडला. झाडं फसली, महिनाभर आधी मोहरली, आणि एप्रिलच्या कडाक्याने फुलं करपून गेली. डोअर काउंटीचं चेरीचं पीक जवळपास गेलंच. चेरी नाही तर बेल्जियन रेड कशाची करणार? डॅन केरी यांनी मिळतील तेवढ्या चेरी, विस्कॉन्सिनची सफरचंदं आणि क्रॅनबेरी एकत्र करून ही बियर केली. क्रॅनबेरी तर या राज्यात हवी तेवढी. अमेरिकेतली निम्म्याहून जास्त इथेच पिकते.

बाबांना हे सगळं सांगावं लागलं नाही, अवकाळी पाऊस आणि द्राक्षं हा विषय तासगाव-मिरज पट्ट्यातल्या माणसाला कोण शिकवणार. ते एवढंच म्हणाले, ‘बागाइतदाराला त्या वर्षी काय मिळालं ते बाटलीवर लिहिलेलं नाही.’ मग पुन्हा एक घोट.

चव: सफरचंद पाया धरतं, क्रॅनबेरीचा तुरटपणा गालाच्या आतल्या बाजूला लागतो, चेरी शेवटी येते. तिन्हींत ही सगळ्यात कमी गोड वाटली मला. चीजबरोबर उत्तम. बटाट्याच्या भजीबरोबर त्याहून उत्तम, हे आजचं संशोधन.

गुरुवार

बाबांनी आज आंब्याचा विषय काढला. पुण्यात भाच्याने त्यांना एका ठिकाणी हापूसची गव्हाची बियर पाजली होती. ‘पैसे हापूसचे, चव राळेची.’ मी त्यांना म्हटलं, दोष कोणाचा असेलच असं नाही, फळाचाच स्वभाव तसा आहे. पिकल्या हापूसमध्ये साखर मुबलक, आंबटपणा जेमतेम. यीस्टने साखर खाल्ली की आंब्याला आंबा करणारी गंमतच जाते आणि मागे राहतो तो देठाजवळच्या चिकासारखा उग्र वास. त्यामुळे मग बाहेरून गोड करा, दुधाची साखर घाला, असले उपाय करावे लागतात. ती साखर यीस्टला खाता येत नाही म्हणून.

उलट जर्मन पद्धतीच्या गव्हाच्या बियरमध्ये फळ अजिबात नसताना केळ्याचा वास येतो, तो यीस्टच तयार करतं. न्यू ग्लॅरसची ‘डान्सिंग मॅन व्हीट’ त्या जातीची. केळं आणि लवंग, ७ टक्क्यांच्या वर अल्कोहोल, नावाप्रमाणे परिणाम. ती बाटली नवऱ्याने आमच्या नकळत संपवली आहे, त्यामुळे जास्त लिहिता येत नाही.

तर माझं म्हणणं, बियरला आंबट फळच झेपतं. कारण यीस्टचं जेवण उरकल्यावरही आंबटाकडे स्वतःचं काहीतरी शिल्लक राहतं. आपल्याकडे मग हापूसच्या मागे का लागायचं? करवंद आहे, कोकम आहे, जांभूळ आहे. जांभळाची बी नको, पण साल हवी, तो तुरटपणा तिथेच आहे. कोकमाला रंगही आयता.

बाबा म्हणाले, ‘करवंदाचं चिक जाईपर्यंत धुवावं लागेल. आणि काढणीची मजुरी परवडायची नाही. जाळीत हात घालून बघितलायस कधी?’

घातलाय. पण एका बाटलीला पाऊंडभर करवंदं काढायला किती वेळ लागेल, हा हिशेब त्यांनी सुरूही केला होता. जाळीमागे अर्धा किलो, माणसामागे दिवसाला इतके किलो, वर काटे. वर्तमानपत्राची कड पुरली नाही, पान उलटलं. शेवटी आकडा आला तेव्हा म्हणाले, ‘तुझी बाटली कोण घेणार एवढ्याला?’ आणि भाच्याला व्हॉट्सअॅपवर विचारलं की पश्चिम घाटात करवंदाची लागवड कोणी करतं का. त्याने अंगठा पाठवलाय. म्हणजे हो की नाही, ते उद्या फोन करून विचारणार आहेत.