जेवण झालं का?

अमळनेरला रस्त्यात कुणी भेटलं की नमस्कार करत नाही, प्रश्न विचारतं. "कथा जाई ऱ्हायनी माय?" 'बाजारात' म्हणावं, तर 'काय आणायला' हे आलंच. दुपारची वेळ असेल तर जेवण झालं का, आणि त्यावर नुसतं 'हो' म्हटलं की पोरगी शिकून शहाणी झाली असा निरोप घरी पोचतो. काय जेवलीस तेही सांगावं लागतं.

ही सवय घेऊन मी सहा महिन्यांच्या इंटर्नशिपला श्टुटगार्टला गेले. पहिल्याच आठवड्यात, साडेअकराच्या सुमारास, कॉरिडॉरमध्ये पलीकडच्या विभागातले एक काका समोरून आले. (तिथे काका कुणी नसतं. माझ्या मनात होतेच.) म्हणाले, "माल्त्साइट!" माल म्हणजे जेवण आणि त्साइट म्हणजे वेळ, एवढं जर्मन क्लासात झालं होतं. मी थांबले. मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये सांगितलं, नाही अजून, साडेबाराला जेवीन, डबा आणलाय, तुमचं झालं? बिचारे एका हाताने दार धरून उभे राहिले, मग घड्याळाकडे बघून हळूच सटकले. दुपारच्या वेळी ऑफिसात 'माल्त्साइट' म्हणजे नुसता नमस्कार असतो, आणि त्याचं उत्तर चालता चालता 'माल्त्साइट' एवढंच, हे मला नंतर शेजारच्या मुलीने सांगितलं. हसू दाबत.

नावांची तर वेगळीच पंचाईत. आमच्याकडे प्रत्येक वडीलधाऱ्याला आबा, अप्पा, नाना, तात्या असं काहीतरी लावल्याशिवाय हाक पूर्ण होत नाही. इथे साठीला आलेले साहेब पहिल्या दिवशीच म्हणाले, मला नावाने हाक मार, 'तू' म्हण. जीभच वळेना. आठवडाभर मी त्यांना हाकच मारली नाही. टेबलापाशी जाऊन, ते वर बघेपर्यंत उभी राहायचे. आजी आयुष्यभर आजोबांना 'ऐकलं का' म्हणत राहिली, तिची अडचण मला तिथे नीट कळली.

गाव कुठलं, हे मात्र साहेबांनी आपणहून विचारलं. अमळनेर म्हटल्यावर चेहरा कोरा. मग मी सांगितलं, विप्रो १९४५ साली आमच्या गावात सुरू झाली, वनस्पती तुपाच्या कारखान्यातून. विप्रो त्यांना माहीत होती, तूप नव्हतं. अर्धा तास तुपावर गेला. त्या सहा महिन्यांतलं माझं सगळ्यात आत्मविश्वासाचं प्रेझेंटेशन तेच असावं.

साहेब उठेपर्यंत आपण उठायचं नाही, हे आपल्याला कुणी शिकवत नाही, अंगातच असतं. साहेब उशिरापर्यंत थांबले की मीही सात-सात वाजेपर्यंत बसायचे, स्क्रीनवर काहीतरी उघडून. चौथ्या दिवशी त्यांनी काळजीने विचारलं, काम जास्त दिलंय का? की जमत नाहीये? तिथल्या कायद्यात दिवसाचे तास आठ, फार तर दहा. कुणी जास्त थांबलं तर कौतुक नाही, चौकशी होते. माझ्या निष्ठेचा अर्थ 'ही मुलगी मंद आहे' असा लागला होता! मग मी साडेचारला उठायला शिकले. निघताना सगळे 'शोनेन फायराबेंट' म्हणतात. काम संपल्यानंतरच्या वेळेला त्यांच्याकडे स्वतंत्र शब्द आहे, आणि त्या शब्दात संध्याकाळ तर आहेच, सणही आहे. आपल्याकडे 'सुटलो' म्हणतात.

खिडक्यांशी मात्र माझं शेवटपर्यंत जमलं नाही. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीकडे गेला की आम्ही दुपारी दारं-खिडक्या लावून घेणारी माणसं. इथे भर जानेवारीत कुणीतरी उठायचं आणि ताजी हवा हवी म्हणून पाच मिनिटं सगळ्या खिडक्या सताड उघडायचं.

वाढदिवसाला मी दिवसभर वाट बघितली. शुभेच्छा मिळाल्या, पण लोक माझ्या टेबलाकडे जरा जास्तच बघत होते. ज्याचा वाढदिवस त्यानेच केक आणायचा असतो म्हणे. आमच्याकडे चौकात मित्र फ्लेक्स लावतात, ते काय मी स्वतःच लावायचं? पण दुसऱ्या दिवशी आईने दिलेले ज्वारीचे बिबडे, म्हणजे आमच्याकडचे पापड, मायक्रोवेव्हमध्ये भाजून नेले. लोकांनी ते काटकोनात मोडून खायचा प्रयत्न केला.

शेवटच्या आठवड्यात तेच दारवाले काका समोरून आले. मी शहाण्यासारखी चालता चालता 'माल्त्साइट' म्हणाले. ते थांबले. "जेवलीस का?" असं विचारून खरंच उभे राहिले. मी सांगितलं, खिचडी आणि उरलेला एक बिबडा. मग मी विचारलं, तुम्ही? ते म्हणाले, मसूर आणि श्पेट्झले, म्हणजे तिकडच्या जाड शेवया, वर सॉसेज. मसूर कोण शिजवतं, त्यात व्हिनेगर किती घालायचं, त्यांची आई कशी करायची, सगळं सांगितलं. मी त्यांना शेवभाजी सांगितली. रश्शात शेव मऊ पडायच्या आत खायची, हे त्यांना लगेच पटलं.

एक वाजताच्या मीटिंगला आम्ही दोघंही चार मिनिटं उशिरा पोचलो.